गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला तर: दुरुस्ती, नवी काच, बिल आणि विम्याचा हिशेब

पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेला खडा काचेवर आदळतो, 'टक्' असा आवाज होतो आणि नजर आधी त्या जागेवर जाते. मसुराच्या डाळीएवढा टवका दिसतो. गाडी चालतेय, समोरचं नीट दिसतंय, म्हणून बहुतेक जण ती गोष्ट तिथेच सोडून देतात. आठवडाभराने एका सकाळी त्याच टवक्यातून वीतभर चीर धावलेली असते, आणि जे काम अर्ध्या तासाच्या दुरुस्तीत उरकलं असतं त्यासाठी आता अख्खी काच बदलावी लागते. माझ्या गाडीबाबत हेच झालं. तेव्हापासून या विषयातलं मिळेल ते समजून घेत आलो. एक गोष्ट पक्की कळली: पैसे वाचवायचे असतील तर ते पहिल्या दिवशी आणि विम्याच्या हिशेबात वाचतात. काच चिकटवण्याच्या कामात वाचवायला जाऊ नये.

आधी काच समजून घ्या

पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा. साधारण दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या पारदर्शक, चिवट प्लास्टिकचा पापुद्रा असतो. त्याची नेहमीची जाडी ०.७६ मिमी. १९०३ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून काचेचा चंबू पडला, तडकला, पण फुटून विखुरला नाही. आतल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. त्या निरीक्षणातून पुढे थरांची काच आली आणि १९०९ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. खडा लागल्यावर बहुधा फक्त बाहेरचा थर दुखावतो, आतला शाबूत राहतो, आणि म्हणूनच पुढची काच दुरुस्त होऊ शकते. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेल्या असतात. त्या फुटल्या की खड्यांसारखा चुरा होतो, तिथे दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

ही काच फक्त वारा अडवत नाही. गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून ती सांगाड्याला आधार देते. अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना वर काचेवर आपटते आणि तिच्या आधारानेच प्रवाशाच्या दिशेने वळते. काच नीट चिकटलेली नसेल तर एअरबॅग तिला बाहेर ढकलू शकते. पुढे चिकटवण्याबद्दल मी जे आग्रहाने लिहिलं आहे, ते यामुळेच.

पहिली पायरी: त्याच दिवशी

गाडी सुरक्षित जागी थांबवा. टवका कोरडा असेल तर त्यावर बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, पण ड्रायव्हरच्या नजरेसमोर ती येणार असेल तर लावू नका. चिकटपट्टीने तडा थांबत नाही, तिचं काम धूळ आणि पाणी आत जाऊ न देणं एवढंच. चिरेत मळ शिरला की दुरुस्तीत भरलेलं रेझिन (पारदर्शक, चिकट द्रव) नीट धरत नाही आणि डागही ठळक राहतो. याच कारणाने घरातला सुपरग्लू किंवा नेलपॉलिश त्यात भरू नका. एकदा भलतंच काही आत गेलं की कारागिराला ते काढता येत नाही.

मग फोटो घ्या: एक जवळून, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून, एक पूर्ण काचेचा, एक नंबरप्लेट दिसेल असा. घटनेची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा. विमा कंपनी पुढे हेच विचारते.

दुरुस्ती होईपर्यंत काचेला तापमानाचे झटके देऊ नका. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी, थंडीत गोठलेल्या काचेवर गरम पाणी, गाडीत बसताच पूर्ण वेगाने एसी किंवा गरम हवेचा ब्लोअर, या सगळ्यांमुळे काचेचा एक भाग आक्रसतो, दुसरा प्रसरण पावतो आणि चिरेच्या टोकाशी ताण साठतो. दारं जोरात आपटल्यानेही बंद गाडीत हवेचा दाब वाढतो. सावलीत लावा, खड्डे सांभाळा, जोराच्या पाण्याने गाडी धुणं पुढे ढकला.

दुसरी पायरी: दुरुस्ती की नवी काच?

चार गोष्टी पाहायच्या: आकार, जागा, खोली आणि प्रकार.

नाण्याएवढा, म्हणजे साधारण २५ मिमीपर्यंतचा टवका सहसा दुरुस्त होतो. सरळ चीर १५ सेंटीमीटरपर्यंत असेल तर बरेच कारागीर ती घेतात; चांगली साधनं असलेले त्याहून लांबही घेतात. पण आकारापेक्षा जागा महत्त्वाची. काचेच्या कडेपासून दोन-तीन बोटांच्या आत असलेला किंवा कडेला टेकलेला तडा दुरुस्तीने क्वचितच थांबतो, कारण कडेला काचेत मुळातच ताण जास्त असतो. ड्रायव्हरच्या नजरेसमोरच्या पट्ट्यात दुरुस्ती केली तरी बारीक डाग उरतो आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत तो चमकतो. ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत स्टिअरिंगच्या मध्यावर धरलेल्या २९० मिमी रुंद पट्ट्यात १० मिमीहून मोठं नुकसान चालत नाही, तर वायपर पुसतो त्या उरलेल्या भागात ४० मिमीपर्यंत चालतं. तुमच्याकडे नियम वेगळा असेल, पण नजरेसमोरचा पट्टा जास्त कडकपणे तपासायचा ही दृष्टी सगळीकडे कामाची आहे.

खोली तपासायला आतल्या बाजूने काच स्वच्छ पुसा आणि नख हलकेच फिरवा. आतून नख अडलं तर आतला थरही गेला आहे, काच बदलावीच लागेल. दोन थरांच्या मध्ये दुधाळपणा किंवा बुडबुडे दिसत असतील तरी तेच.

प्रकार ओळखणं सोपं आहे. गोल, स्वच्छ टवका सगळ्यात चांगला भरला जातो. ताऱ्यासारखे पाय फुटलेला टवका लवकर पसरतो, त्याला थांबवायची घाई करा. आणि खड्याची खूण कुठेच नसताना कडेपासून सुरू झालेली चीर असेल, तर तो ताणाने गेलेला तडा असू शकतो. काच नवी असेल किंवा नुकतीच बसवलेली असेल तर अशा वेळी विम्याआधी वॉरंटीकडे जा. चिरेवरून बॉलपेनचं टोक हळूच फिरवा. कुठे बारीक खड्डा लागला तर मार बाहेरून बसला आहे. वॉरंटीवाले हेच पाहतात, म्हणून तुम्ही आधी पाहिलेलं बरं.

दुरुस्तीत चिरेतली हवा ओढून घेतात, दाबाने पातळ रेझिन भरतात, अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतात आणि वरून घासून सपाट करतात. काच जागेवरून हलत नाही, कारखान्यातलं मूळ चिकटकाम तसंच राहतं. दुरुस्ती शक्य असताना ती पसंत करायचं, स्वस्तपणाइतकंच हे मोठं कारण आहे.

तिसरी पायरी: बिल कशाने फुगतं?

एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या काचेच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो, कारण काचेबरोबर तिच्यात दडलेल्या गोष्टींचे पैसे असतात. पाऊस ओळखणारा सेन्सर, आवाज अडवणारा खास पापुद्रा, वायपरखालच्या गरम होणाऱ्या तारा, ॲंटेना, उष्णता रोखणारा लेप. ज्या गाड्यांत वेग काचेवर उमटतो त्यांच्या काचेतला पापुद्रा वर जाड, खाली पातळ असा पाचरीसारखा असतो. साधी काच बसवली तर आकडे दुहेरी दिसतात. म्हणून इस्टिमेट मागताना नुसतं मॉडेल सांगू नका, गाडीचा चासी नंबर द्या आणि त्यावरून काढलेला पार्ट नंबर लिहून घ्या.

आरशामागे कॅमेरा असेल तर बिलात आणखी एक ओळ येते: कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन पुन्हा जुळवून घेणं. लेन सांभाळणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा याच कॅमेऱ्यातून रस्ता बघते. काच बदलली की कॅमेऱ्याचा कोन किंचित बदलतो. एका अंशाची चूक ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटीमीटर होते, म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या लेनमध्ये दिसायला पुरेशी. काही गाड्यांत हे काम वर्कशॉपमध्ये ठरावीक अंतरावर फलक लावून होतं, काहींत ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवून, तर काहींत दोन्ही लागतं. 'चेतावणीचा दिवा लागत नाहीये, मग गरज नाही' असं कुणी सांगितलं तर मानू नका. कॅमेऱ्याला स्वतःचा कोन चुकल्याचं दर वेळी कळतंच असं नाही.

उरलेल्या ओळी मजुरी, चिकटद्रव्य, प्रायमर, एकदाच वापरता येणाऱ्या क्लिपा आणि बीडिंग (काचेच्या कडेची पट्टी), सेन्सरची जेल पट्टी आणि कर यांच्या. इस्टिमेट एकरकमी नको, अशा वेगवेगळ्या ओळींत मागा. विम्यातून काय मिळतं आणि काय नाही, ते त्याशिवाय कळत नाही.

कंपनीच्या लोगोची काच की बाहेरची? लोगो नसलेली काच वाईटच असते असं नाही. कित्येकदा गाडीच्या कारखान्याला काच पुरवणाराच ती बनवतो. काचेच्या कोपऱ्यातली खूण वाचा. वर्तुळातला 'ई' आणि शेजारी '४३आर' म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-काच नियमाखाली मंजुरी. त्याच खुणेत रोमन अंकातला दोन असेल तर ती साधी थरांची विंडशील्ड. अमेरिकी पद्धतीच्या काचेवर 'एएस१' लिहिलेलं असतं. खूणच नसेल तर ती काच घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. कॅमेरा किंवा काचेवर वेग दाखवणारी यंत्रणा असेल तर मात्र मी मूळ दर्जाच्याच काचेचा आग्रह धरेन, कारण तिथे वक्रतेतला छोटा फरकही नडतो.

चौथी पायरी: पॉलिसी काढा आणि वाचा

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. काचेसाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं, म्हणजे सर्वसमावेशक संरक्षण लागतं. ते असेल तर या प्रश्नांची उत्तरं पॉलिसीत शोधा:

- दर क्लेमला स्वतः भरायची सक्तीची रक्कम किती, आणि प्रीमियम कमी करण्यासाठी तुम्ही स्वतःहून घेतलेली ऐच्छिक रक्कम किती? दोन्हींची बेरीज होते, आणि ऐच्छिक रक्कम घेतल्याचं बरेच जण विसरलेले असतात.
- काचेसाठी वेगळं कलम किंवा ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेलं संरक्षण) आहे का? काही पॉलिसींत काचेचा क्लेम नो क्लेम बोनसला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीला, धक्का लावत नाही, काहींत लावतो.
- घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची कपात, काचेवर लागतो का, आणि रबर-प्लास्टिकच्या भागांवर किती?
- चिकटद्रव्य, क्लिपा यांसारखं वापरून संपणारं साहित्य आणि कॅलिब्रेशन धरलेलं आहे का?

बदलण्याऐवजी दुरुस्ती केली तर स्वतःची रक्कम माफ करणाऱ्या विमा कंपन्या अनेक आहेत. कंपनीलाही दुरुस्ती स्वस्त पडते. फोन केल्यावर हा प्रश्न पहिल्यांदा विचारा.

पाचवी पायरी: क्लेम करावा की खिशातून भरावं?

या पायरीवर सगळ्यात जास्त पैसे हकनाक जातात, म्हणून इथे थोडं थांबू या. प्रीमियम भरतो तर क्लेम का करू नये, हे वाटणं स्वाभाविक आहे. पण क्लेमबरोबर नो क्लेम बोनसची सवलत जाते, आणि ती एका वर्षासाठी जात नाही. ती शिडी पुन्हा खालून चढावी लागते.

आकडे सोपे धरू. काचेचं बिल १००. स्वतः भरायची रक्कम १५, आणि विम्यात न बसणाऱ्या किरकोळ गोष्टी १०. म्हणजे कंपनीकडून ७५ मिळणार. स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम सवलतीआधी वर्षाला १००. सवलतीची शिडी समजा अशी: ०, २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के, क्लेम केला की पुन्हा शून्यावर.

तुम्ही आज ४५ टक्क्यांवर आहात. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षीपासून ५० टक्के सवलत, तीच कायम. क्लेम केला तर पुढची पाच वर्षं ०, २०, २५, ३५, ४५. दर वर्षीचा फरक ५०, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५. म्हणजे ७५ मिळवायला १२५ घालवले. इथे खिशातून भरणं शहाणपणाचं.

आता दुसरी बाजू. पॉलिसी पहिल्या वर्षातली आहे, सवलत शून्य. क्लेम न केल्यास २०, २५, ३५, ४५, ५०. केल्यास ०, २०, २५, ३५, ४५. फरक २०, ५, १०, १०, ५, म्हणजे ५०. इथे ७५ मिळतात, जातात ५०. क्लेम करा.

आणि गाडीत कॅमेरा असल्याने बिल १०० ऐवजी ३०० झालं, तर पहिल्या उदाहरणातल्या माणसानेही क्लेमच करावा. कंपनीकडून २५० हून जास्त येतील आणि नुकसान तेच १२५ राहील. गाडीची किंमत दर वर्षी उतरते तसा प्रीमियमही बहुधा उतरतो, त्यामुळे खरं नुकसान या आकड्यांहून थोडं कमी भरेल. कल मात्र बदलत नाही. तुमच्या पॉलिसीतली शिडी आणि रकमा घालून हेच गणित कागदावर मांडा. दहा मिनिटांचं काम आहे.

दोन परिस्थितींत गणिताची गरजच नाही. बोनस सुरक्षित ठेवणारं ॲड-ऑन असेल आणि त्याची मर्यादा संपलेली नसेल, तर क्लेम करा. त्याच पॉलिसी वर्षात आधीच एखादा क्लेम झालेला असेल तर सवलत तशीही गेली आहे, मग काचेचा क्लेम करायला हरकत नाही. काही ॲड-ऑनमध्ये वर्षाला ठरावीकच क्लेम चालतात, तेवढं पाहा. मात्र गाडी वर्कशॉपमध्ये आहेच म्हणून जुना दाराचा पोचा या क्लेममध्ये घुसवू नका. वेगळी घटना म्हणजे वेगळा क्लेम, आणि खोटी माहिती दिल्याचं दिसलं तर सगळाच क्लेम अडकतो.

सहावी पायरी: क्लेम

ठरलं की आधी कंपनीला कळवा, मग गाडी वर्कशॉपमध्ये द्या. क्रम उलटा करू नका. सर्व्हेयरने (नुकसान तपासणाऱ्या विम्याच्या माणसाने) पाहण्याआधी, किंवा कंपनीने फोटोंवरून लेखी होकार देण्याआधी, जुनी काच काढली की पुरावाच राहत नाही. क्लेम नंबर घ्या. पॉलिसी, नोंदणी पुस्तिका, परवाना, इस्टिमेट आणि फोटो तयार ठेवा. काच कुणी मुद्दाम फोडली असेल किंवा चोरीत फुटली असेल तर पोलिसांकडची नोंदही लागते.

कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने थेट वर्कशॉपला पैसे देणं, फक्त कंपनीच्या यादीतल्या वर्कशॉपमध्ये चालतं. यादीबाहेरचा कारागीर जास्त भरवशाचा वाटत असेल तर आधी पैसे भरून नंतर परतावा घेता येतो का, हे विचारा. तेव्हा मूळ बिल आणि पावती जपा. मंजुरीच्या कागदावर कॅलिब्रेशनची ओळ आहे की नाही, ते सही करण्याआधी पाहा.

सातवी पायरी: काच बसवण्याचा दिवस

शक्य असेल तर समोर थांबा. जुनी काच कापून काढल्यावर चौकटीवरचं जुनं पीयू (काच चिकटवणारं पॉलियुरेथेन) पूर्ण खरवडत नाहीत. एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवतात, कारण नवं पीयू त्यावर उत्तम धरतं. पात्याने रंग खरवडून पत्रा उघडा पडला असेल तर तिथे प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर आतून गंज धरतो आणि काही वर्षांत तिथूनच पाणी येतं. नव्या काचेच्या कडेचा काळा पट्टा चिकटद्रव्याचं उन्हापासून रक्षण करतो. स्वच्छ केल्यावर त्याला कुणी उघड्या हाताने शिवू नये, बोटांचं तेल लागलं की पकड जाते.

नळीवरची मुदत वाचा. मुदत संपलेलं पीयू बाहेरून चांगलं दिसतं, पण धरत नाही. पीयूऐवजी सिलिकॉन लावणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. ते गळती थांबवतं, पण काचेचा भार पेलत नाही.

मग विचारा: 'गाडी किती वेळाने चालवायची?' हे चिकटद्रव्य हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे उत्पादन, तापमान आणि दमटपणा यांवर वेळ ठरते. कुठे एक तास, कुठे कित्येक तास. कोरड्या, गार हवेत जास्त लागतो. नळीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, आणि ज्याला ते सांगता येत नाही त्याने ते वाचलेलं नाही. तेवढा वेळ थांबाच.

आठवी पायरी: ताबा घेताना आणि नंतर

ड्रायव्हरच्या सीटवर बसून दूरची उभी रेषा पाहा आणि डोकं हळू हलवा. रेषा लाटेसारखी वाकत असेल तर काच सदोष आहे. वायपर ओल्या काचेवर चालवा, पावसाच्या सेन्सरवर पाणी शिंपडून बघा, आरसा आणि रेडिओ तपासा. कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागा. बिलावर काचेचा पार्ट नंबर आणि गळतीवरची हमी लिहून घ्या.

पहिले एक-दोन दिवस एका खिडकीची काच बोटभर खाली ठेवा, दारं हळू लावा, खराब रस्ता टाळा, जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका. कडेला चिकटपट्ट्या लावल्या असतील तर सांगितलेल्या वेळेपर्यंत राहू द्या, त्या बीडिंग जागेवर धरतात.

दोन दिवसांनी नळाच्या साध्या धारेने काचेची वरची कड आणि दोन्ही बाजू भिजवा आणि आत डॅशबोर्डच्या कोपऱ्यांवर, पायाखालच्या मॅटखाली हात फिरवून ओल लागते का बघा. मग मोठ्या रस्त्यावर खिडक्या बंद करून चालवा. आधी नसलेली शीळ ऐकू आली तर कुठेतरी हवा शिरते आहे. दोन्हींपैकी काहीही आढळलं तर त्याच दिवशी व्हिडिओसह लेखी कळवा. माझ्या काचेच्या वेळी वरच्या कोपऱ्यातून थेंब येत होता. तोंडी तक्रारीवर बाहेरून सीलंट फासून दिलं गेलं आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा आलं. लेखी पाठवल्यावर काच काढून नव्याने चिकटवली गेली, तेव्हा कुठे गाडी कोरडी राहिली.